कुंपणावरच्या साड्या

दुपारचे साडेतीन वाजून गेले होते आणि आई वावरात नव्हती.

मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून दोन हाका मारल्या. आमचं वावर अडीच एकरांचं. हरभरा गुडघ्याच्याही खाली असतो, त्यामुळे माणूस लपेल अशी जागाच नाही. एका टोकाला विहीर, विहिरीजवळ एक बाभूळ, आणि चारही बाजूंनी साड्यांचं कुंपण. कोणी हरभऱ्यात वाकलेलं असलं तरी पाठ दिसते. मला कोणाचीच पाठ दिसली नाही.

साड्यांचं कुंपण म्हणजे काय, हे बुलढाण्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणींना मला समजावून सांगावं लागतं. आमचं गाव घाटाखाली. इथं रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं उभं पीक साफ करतात. तारेचं कुंपण सगळ्यांना जमत नाही. मग जुन्या साड्या खुंटांना बांधून वावराभोवती आडव्या ओढून घ्यायच्या. जनावराला पलीकडचं दिसत नाही, कापड हललं की ते बुजतं. हिवाळ्यात आमच्या शिवारात सगळीकडे लाल, जांभळ्या, पिवळ्या भिंती उभ्या असतात. लहानपणापासून पाहत असल्यामुळे मला त्या साड्या म्हणून कधी दिसतच नाहीत. कुंपण दिसतं.

कोणती साडी घरात नेसायची, कोणती वावरात आणि कोणती कुंपणाला, हे आई ठरवते. बहुतेक साड्या आहेरात आलेल्या असतात. लग्नघरचे लोक एकाच दुकानातून एकाच छापाचा गठ्ठा आणतात आणि सगळ्या पाहुण्यांना वाटतात. एका लग्नात आमच्याकडे अशा दोन साड्या आल्या होत्या, एक आईच्या नावाची आणि एक सुरतेला राहणाऱ्या काकूच्या नावाची. काकूने ती नेलीच नाही. दोन्ही पोपटी, त्यांवर तपकिरी वेली. एकीला चुलीच्या ठिणगीने भोक पडलं, ती त्या वर्षी नाल्याच्या बाजूला कुंपणाला बांधली गेली. दुसरी आई वावरात नेसायची. त्या दिवशी सकाळी ती तीच नेसून निघाली होती आणि मी ते पाहिलं होतं.

आता मला उशीर का झाला ते सांगते. ते टाळता येणार नाही.

त्या दिवशी संकष्टी होती. आईला उपास होता. तिला दीड वर्षापासून साखरेचा आजार आहे, रोज सकाळी गोळी घ्यावी लागते. निघताना ती म्हणाली, "एक वाजता उसळ घेऊन येजो. केळंही टाकजो." साबुदाण्याच्या खिचडीला आमच्याकडे उसळ म्हणतात. मी हो म्हटलं. शनिवार-रविवार मी घरी आले होते ते सेमिनारची तयारी करायला. माझ्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. सेमिनार हा शब्दही मी घरी सांगितला नव्हता, परीक्षा आहे असंच सांगितलं होतं.

विषय मानसशास्त्राच्या मॅडमनी दिला होता, मेंदू आकृतीला पार्श्वभूमीपासून वेगळं कसं करतो. मला तो का मिळाला, त्याचं कारण एक फोटो. मॅडमनी वर्गात वाळलेल्या गवताचा एक मोठा फोटो भिंतीवर दाखवला आणि विचारलं, यात काय आहे? सगळे गप्प. मी दोन सेकंदांत म्हटलं, "लावा आहे. उजवीकडे, खाली. बसलेला." मातकट रंगाचा तो पक्षी मी वावरात शेकडो वेळा पाहिला होता. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "हिचे डोळे तयार आहेत. सेमिनार हीच देईल." वर्गात मी सहसा बोलत नाही. तोंडातून 'मले' निघालं की मागच्या बाकावरचे हसतात. त्यामुळे त्या दिवसाचा मला फार अभिमान वाटला होता.

तर त्या शनिवारी मी ओट्यावर मोठा कागद पसरून मेंदूचं चित्र काढत बसले. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, दृष्टीचं केंद्र असतं. ते मी निळ्या रंगाने रंगवलं. नोट्समध्ये लिहिलं होतं की डोळ्यातून आलेलं चित्र तिथं अख्खं पोचत नाही. तिथली एकेक पेशी समोरच्या दृश्याचा अगदी लहानसा तुकडा पाहते, जणू प्रत्येकीला एकेक झरोका दिलेला आहे. त्या झरोक्यात उभी कड आहे की आडवी, एवढंच ती सांगते. त्याच्या पुढच्या भागात अशा पेशी आहेत ज्या ठरवतात की ही कड कोणाची, डावीकडच्या वस्तूची की उजवीकडच्या. कड ज्या बाजूला मिळाली ती वस्तू. दुसरी बाजू मग नुसती मागची जागा होते आणि ती वस्तूच्या मागून पुढे चालूच आहे असं मेंदू धरून चालतो.

हे मला इतकं आवडलं की मी ते तीन वेळा वाचलं. मग बाण काढले, मग नावं लिहिली. उसळ झाकून ठेवलेली होती. मी मोबाईल पाहिला तेव्हा तीन वाजून गेले होते.

वावरात येईपर्यंत मी तिचा राग ऐकून घ्यायचीच तयारी करून आले होते. पण तिथं कोणीच नव्हतं. मी कुंपणाच्या आतून कडेकडेने एक फेरी मारली. विहिरीपासून निघाले, नाल्याच्या बाजूने गेले, परत बाभळीपाशी आले. दर पाच-सहा पावलांवर हाक मारत होते. विहिरीजवळ तिच्या रबरी चपला होत्या आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली.

काळ्या मातीत चपला अडकतात म्हणून ती नेहमीच विहिरीपाशी काढून ठेवते. हे मला माहीत होतं. तरी त्या दोन चपला पाहिल्यावर मी काठापासून दोन पावलं मागे सरले. आमच्या विहिरीला कठडा नाही.

बाजूच्या वावरात चाचा तुरी कापत होते. आमच्या दोन्ही घरांची वावरं लागून, म्हणून त्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणते.

"चाचा, आई दिसली काय?"

"दुपारी दिसली ना बेटा. विहिरीकडं जाऊन राह्यली होती. काऊन, घरी नाही आली काय?"

"नाही."

त्यांनी विळा तिथंच टाकला. धुऱ्यावरून येताना ते सहज बोलल्यासारखं बोलत होते, "असंन इथीच कुठी. बाया कुठी सांगून जातात काय. कोणाच्या बैलगाडीत बसून गेली असंन गावात." पण विहिरीजवळच्या चपला दिसल्या आणि त्यांचं बोलणं थांबलं. ते काठावर बसले आणि खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले. पाणी हिरवं, खोल. त्यात आभाळ दिसत होतं आणि चाचांचं डोकं.

मी बाबांना फोन केला. ते मोटरीचा स्टार्टर दुरुस्तीला घेऊन गावात गेले होते. वीस मिनिटांत ते आले. गाडी स्टँडवर लावली नाही, तशीच आडवी पडू दिली. त्यांनी चपलांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडे.

"हे आत्ता आणून राह्यली काय तू?"

"हाव."

"एक वाजता सांगितलं होतं ना तिनं? काऊन केला उशीर?"

"लिहून राह्यली होती बाबा."

"काय लिहून राह्यली होती?"

काय सांगणार होते? कड कोणाची हे मेंदू कसं ठरवतो, ते? बाबांनी उत्तराची वाट पाहिली, खरंच पाहिली, आणि मग तोंड फिरवलं.

"भांडू नका बापा आता," चाचा म्हणाले. "दोरी धरा इकडं."

त्यांनी आपल्या झोपडीतून गळ आणला होता. विहिरीत बादली पडली की काढायला लोखंडी आकड्यांचा जो जुडगा असतो, तो. दोरी सोडताना त्यांचे हात भराभर चालत होते, पण गळ पाण्याला टेकला तेव्हा त्यांनी तो अगदी हळू सोडला. तो हळूपणा मला पाहवला नाही. बादलीसाठी कोणी इतका हळू गळ सोडत नाही.

"तू इथी उभी राहू नको," बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले. "नाल्याकडं पाहून ये."

मी पुन्हा त्याच बाजूने निघाले. या वेळी पळत. एक हात कुंपणाच्या कापडावरून घसटत होता, ओढणी काट्याला, खुंटाला अडकत होती, मी ती ओढून घेत होते. डोळे मी कुंपणावरून पलीकडे नाल्यावर ठेवले होते. दगड, बेशरमीची झुडपं, वाळू. ओठांतून "आई, आई" एवढंच. नाला कोरडा होता. पलीकडे चढून पाहिलं. कोणी नाही. मागे विहिरीवरून चाचांचा आवाज आला, "थांबा, काही लागलं," आणि मी वाळूत खाली बसले. कान बंद करून घेतले. नंतर कळलं की ती एक जुनी फांदी होती.

किती वेळ बसले कोण जाणे, मी उठले तेव्हा सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता. रंग उतरायला लागले होते. लाल साडी काळपट, जांभळी तर नुसती सावली. मी कुंपणाच्या आत परतले होते, पण नाल्याकडच्या कुंपणापासून वीसेक पावलांवर, विहिरीकडे पाठ करून उभी होते आणि मला तिकडे जाण्याची भीती वाटत होती. तिथं गेले तर गळाला काय लागलं ते पाहावं लागेल. म्हणून मी तशीच उभी राहिले. त्या उभं राहण्यात काही शहाणपण नव्हतं.

तेवढ्यात वारा सुटला.

सगळं कुंपण एकदम फुगलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापड फडफडलं, खाली बसलं, पुन्हा फुगलं. पोपटी साडीही तशीच फुगली. पण तिच्या खालच्या बाजूला हातभर जागा होती, तीच हिरवी, त्याच तपकिरी वेली, आणि ती हलली नाही. मला काही समजलं म्हणून मी पाहिलं, असं झालं नाही. आधी ते दिसलं. त्या न हललेल्या तुकड्याला एक गोल कड आली. मग तो खांदा झाला. खांद्याला मान आली. मानेला केस. मग आई.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. बाबा सांगतात, ओरडली.

ती कुंपणाच्या आत, खुंटाला टेकून, एका अंगावर कलंडलेली होती. पदर डोक्यावरून पुढे आलेला. डोळे अर्धे उघडे, पण ते माझ्यावर थांबत नव्हते. अंग घामाने चिंब आणि गार. जानेवारीच्या संध्याकाळी इतका घाम! चाचा म्हणाले, "जनावर तर नाही डसलं?" बाबा तिचे पाय चाचपायला लागले.

घामावरूनच मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. दीड वर्षापूर्वी तिला दवाखान्यात मीच घेऊन गेले होते, कारण कागद वाचता येणारी मीच. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गोळी चुकवायची नाही. आणि गोळी घेतली की उपाशी राहायचं नाही, घाम सुटला, हातपाय कापले, तर आधी तोंडात साखर टाकायची. घरी येऊन मी पहिली गोष्ट इतक्या वेळा बजावली होती की आई उपासालाही गोळी घ्यायची. 'पोरगी शिकून राह्यली, तिले समजते,' असं ती शेजारणींना सांगायची. दुसरी गोष्ट मी एकदा सांगितली असेन. कदाचित तीही नाही.

"साखर," मी म्हटलं. "चाचा, साखर आहे काय तुमच्याकडं?"

"चहाची आहे ना."

"आणा. पळा."

साठी उलटलेल्या माणसाला मी 'पळा' म्हटलं, आणि ते पळाले. लुंगी वर खोचून, हरभरा तुडवत. बाबा बाटलीतलं पाणी तिला पाजायला निघाले होते, मी त्यांचा हात धरला. "पाणी नका देऊ, ठसका लागंन." बाबांचा हात मी याआधी असा कधी धरला नव्हता. ते थांबले.

साखरेचा डबा आला. मी ओल्या बोटावर साखर घेऊन तिच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. तिचे दात माझ्या बोटाला लागत होते. काहीच होत नव्हतं. बाबा एकसारखे तिच्या नावाने हाका मारत होते. माझ्यासमोर ते तिला कधी नावाने हाक मारत नाहीत. मग तिची जीभ हलली. माझ्या बोटाला ते कळलं. तिनं गिळलं.

"उचला," चाचा म्हणाले. "मी टेम्पो आणतो."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं तेव्हा नुकताच अंधार पडला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी तास-दोन तास गेले असते तर सांगता आलं नसतं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. त्या वेळी सेमिनार, कागद, निळा रंग, काही काही आठवलं नाही.

सेमिनार पुढे पंधरा दिवसांनी झाला. तोपर्यंत मी तोच भाग पुन्हा वाचला होता, आणि या वेळी दुसऱ्याच ओळींपाशी अडकले. माहिती फक्त डोळ्याकडून मेंदूच्या वरच्या भागांकडे जात नाही. वरचे भाग, ज्यांना वस्तू ओळखीच्या झालेल्या असतात, ते खालच्या भागांना उलट निरोप पाठवतात, की इथं काय असणार आहे. खालच्या पेशी त्याप्रमाणे कडा वाटून टाकतात. वीस वर्षं मला सांगितलं गेलं होतं की तिथं कुंपण आहे. रंग सारखा, नक्षी सारखी, कापड सारखं. आईच्या खांद्याची कड माझ्या डोळ्यात पडली असणारच. ती कोणालाच दिली गेली नाही. आणि हालचालीचा हिशेब वेगळा असतो. एकत्र हलणारं मेंदू एकत्र बांधतो. सगळं हललं आणि एक तुकडा मागे राहिला, तेव्हा त्या दोघांच्या मधली रेघ त्याला काढावीच लागली.

सेमिनारमध्ये मी आईबद्दल बोलले नाही. लाव्याचाच फोटो दाखवला. शेवटी मॅडमनी विचारलं, "आकृती जर पार्श्वभूमीत पूर्णपणे मिसळली असेल, तर मग मेंदू काय करतो?"

मी म्हटलं, "वारा येईपर्यंत काही करत नाही, मॅडम."

मागचा बाक हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण पुढे काही विचारलंही नाही. खरं म्हणजे ते उत्तर बरोबर आहे की नाही, मला अजून माहीत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी नर्सबाईंनी मला आत बोलावलं. बाबा आणि चाचा बाहेर चहा प्यायला गेले होते. आई उशाला टेकून बसली होती, अंगावर दवाखान्याची चादर. चेहरा ओळखू येण्याजोगा झाला होता.

"उपास मोडला काय महा?" तिनं विचारलं.

"साखरेनं मोडला."

"साखर उपासाले चालते," ती म्हणाली, आणि थोडं हसली. मग तिनं छताकडे पाहिलं.

"तू दोनदा गेली मह्या समोरून," ती म्हणाली.

मी तिची चादर सरळ केली.

"पहिल्यानं हाका मारत गेली. मी ओ देऊन राह्यली होती, पण तोंडच उघडत नव्हतं. दुसऱ्यानं पळत गेली. तुही ओढणी लागली मह्या हाताले. म्या म्हटलं, आता पाह्यते."

"मले तू दिसलीच नाही आई."

"हाव, समजलं मले ते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तुह्यावर नाई वाटलं मले काही. तू तर इकडंच पाहून राह्यली होती. मले वाटलं, मीच नाई तिथी. मेली असंन. मेलेलं माणूस दिसत नाई ना कोणाले."

मला तिला सांगायचं होतं. निळा रंग, झरोके, साडीची जोडी, सगळं. हे मी पाठ केलं होतं. पण तिच्या त्या वाक्याला ते उत्तर नव्हतं, एवढं मला कळलं. मी तिचा हात धरायला गेले. त्या हाताला सलाईनची सुई होती, म्हणून तिनं तो मागे घेतला आणि दुसरा पुढे केला.